कोनामी: नाव एक, हिशेब दोन

कोनामी या जपानी कंपनीविषयी जुन्या व्हिडिओ गेमांच्या चाहत्यांमध्ये जेवढं प्रेम आहे तेवढाच राग आहे, आणि बहुतेकदा दोन्ही एकाच माणसाच्या मनात असतात. कागेमासा कोझुकी यांनी २१ मार्च १९६९ रोजी ओसाका परिसरात ज्यूकबॉक्स भाड्याने देण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा सुरू केला. १९७३ मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली, सत्तरीच्या अखेरीस ती आर्केड यंत्रांकडे वळली आणि १९८१ च्या ‘फ्रॉगर’नंतर जगभर पोचली. पुढच्या वीस वर्षांत ‘ग्रेडियस’, ‘कॅसलव्हेनिया’, ‘कॉन्ट्रा’, ‘मेटल गिअर’, ‘सायलेंट हिल’ अशी एकापेक्षा एक नावं या कंपनीच्या शिक्क्याखाली आली. त्याच कंपनीने २०१५ मध्ये आपला सर्वांत नावाजलेला दिग्दर्शक हिदेओ कोजिमा गमावला, गाजत असलेला एक छोटा गेम विक्रीच्या जागेवरून कायमचा उतरवला, जुनी पात्रं जुगाराच्या यंत्रांवर चढवली आणि २०२१ मध्ये ‘ईफुटबॉल’ अर्धाकच्चा बाजारात आणून स्वतःचं हसं करून घेतलं. या सगळ्याची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट सोपी आहे: ऐंशी-नव्वदीत सोनं होतं, पुढे माती झाली. ही प्रस्तावना त्या गोष्टीला आक्षेप घेण्यासाठी आहे. कोनामीची कीर्ती संमिश्र दिसते, कारण दोन वेगळे हिशेब एकाच नावावर मांडले गेले आहेत. एक हिशेब गेम घडवणाऱ्यांच्या कामाचा, दुसरा त्या गेमांची मालकी बाळगणाऱ्यांच्या वागणुकीचा. हे दोन्ही अगदी सुरुवातीपासून शेजारी शेजारी चालत आले आहेत. एक संपला आणि मग दुसरा सुरू झाला, असं कधी घडलेलं नाही.

मराठी वाचकाला हा विषय समजून घेताना एक सोय आहे, जी जपानी किंवा अमेरिकी वाचकाला नाही. घोडबंदर रोडवर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली या पट्ट्यातल्या संकुलांत आज जी चाळिशीतली पिढी राहते, तिच्यातल्या अनेकांचं लहानपण नौपाड्यात, कळव्यात, कल्याण-डोंबिवलीत गेलं, आणि त्या लहानपणात कोनामी हे नाव जवळजवळ कुठेच नव्हतं. होता तो ‘टीव्ही गेम’. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या तैवान-चीनमधून येणाऱ्या नकला नव्वदीच्या दशकात समुराई, मीडिया, मिताशी अशा नावांनी आपल्याकडे विकल्या गेल्या. त्यांच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात आत मोजकेच खेळ असत, आणि बाकीचा आकडा त्याच खेळांच्या मधल्या स्टेज, जास्तीच्या लाइफ आणि बदललेली नावं धरून फुगवलेला असे. पडद्यावर यादी यायची, तिच्यात ‘रोड फायटर’, ‘सर्कस चार्ली’, ‘अंटार्क्टिक ॲडव्हेंचर’, ‘यी आर कुंग-फू’ आणि नशीब चांगलं असेल तर ‘कॉन्ट्रा’. हे पाचही गेम मुळात कोनामीचे. मुलांच्या तोंडी मात्र ते गाडीचा गेम, सर्कसचा गेम, पेंग्विनचा गेम एवढेच होते. नकली कॅसेट बनवणाऱ्यांनी पहिल्या पडद्यावरची कंपनीच्या नावाची आणि सालाची ओळ अनेकदा पुसूनच टाकलेली असे. खेळ घरोघरी पोचला आणि तो कोणी केला हे कोणालाच कळलं नाही, अशी ही स्थिती होती.

या अनामिकतेत तोटा आहे, पण तिच्यामुळे एक पुरावाही आयता हाती येतो. गेमांची परीक्षणं घरात येत नव्हती, जाहिरात नव्हती, कंपनीचा दबदबा नव्हता. अशा वेळी मुलांनी यादीतले ढीगभर पर्याय टाकून पुन्हा पुन्हा जे आठ-दहा खेळ लावले, त्यांत कोनामीचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका होता. यावर पहिला आक्षेप हमखास येतो: ही निवड नव्हतीच, जे समोर आलं ते खेळलं गेलं, आणि आता ते गोड वाटतं कारण बालपण गोड वाटतं. आक्षेपात तथ्य आहे. नकला करणाऱ्यांना कमी जागेत बसणारे, साध्या कॅसेटवर चालणारे जुने गेम हवे असत. ‘रोड फायटर’ आणि ‘सर्कस चार्ली’ यादीत शिरले, त्यात त्यांच्या लहान आकाराचा मोठा हात आहे. ‘कॉन्ट्रा’ला मात्र हे कारण लागू पडत नाही. निन्टेन्डोच्या एनईएस यंत्रासाठी १९८८ मध्ये निघालेली त्याची आवृत्ती १२८ किलोबाइटांची, म्हणजे ‘रोड फायटर’च्या कित्येक पट मोठी. एवढा ऐवज त्या यंत्राला एका वेळी वाचता येत नाही, म्हणून तो तुकड्यातुकड्याने समोर आणणारी वेगळी जुळणी कॅसेटमध्ये करावी लागते. नक्कल करणाऱ्याने हा जादा खर्च आणि खटाटोप पत्करला, तो गिऱ्हाईक मागत होतं म्हणूनच. राहिला बालपणाचा गोडवा. तो खरा असता, तर त्याच कॅसेटवरच्या बाकीच्या खेळांनाही मिळाला असता. त्यांतल्या बहुतेकांची नावंसुद्धा आज कोणाला सांगता येणार नाहीत. काही खेळ लक्षात राहिले आणि काही पुसले गेले, याचं कारण त्या खेळांच्या बांधणीतच शोधावं लागतं.

त्यासाठी ‘कॉन्ट्रा’ची तिसरी स्टेज, धबधब्याची, जवळून पाहण्यासारखी आहे. पहिल्या स्टेजमध्ये पडदा डावीकडून उजवीकडे सरकतो. इथे तो खालून वर जातो आणि खेळाडूला खडकांवरून उड्या मारत चढायचं असतं. दोघे खेळत असतील तर वर पोचलेला खेळाडू पडदा आपल्याबरोबर वर ओढतो, आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला की मरतो, भले त्याच्या आसपास एकही शत्रू नसो. थांबावं तर वरून दगड आणि गोळ्या, धावावं तर जोडीदार गेला. एवढ्या एका नियमातून सहकार्य आणि भांडण दोन्ही एकदम उभी राहतात, आणि त्यासाठी ना संवाद लागतो, ना सूचना. हत्यारांचंही तसंच. उडत येणारी डबी फोडून ‘एस’ मिळाला की एका वेळी पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात. मेलं की तो जातो आणि पुन्हा साधी बंदूक हाती येते, म्हणजे एका चुकीची शिक्षा दोनदा. तीन लाइफमध्ये आठ स्टेज पार करणं नवख्याच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून तीस लाइफची गुप्त किल्ली कामी यायची: वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, पुन्हा डावीकडे उजवीकडे, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो यांनी ती १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ची घरगुती आवृत्ती तयार करताना घातली, कारण तो गेम तपासण्याइतका त्यांना स्वतःलाच खेळता येत नव्हता. आपल्याकडच्या कॅसेटवर ती सोय पुष्कळदा यादीतच तयार मिळे. हे सगळे कोणीतरी विचार करून घेतलेले निर्णय आहेत. प्रश्न असा की ते घेणारी माणसं आज कोणाच्या लक्षात आहेत?

उत्तर शोधायला गेलं की पहिला हिशेब किती अर्धवट लिहिला गेला आहे ते कळतं. त्या काळातल्या जपानी कंपन्यांमध्ये गेमच्या शेवटी खरी नावं न देता टोपणनावं देण्याची पद्धत होती. उद्देश उघड होता: प्रतिस्पर्ध्याने आपली हुशार माणसं हेरून पळवू नयेत. कोनामीच्या १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’त शेवटच्या श्रेयनामावलीत संगीताचं श्रेय ‘जेम्स बनाना’ या गृहस्थाला दिलेलं आहे. जुन्या ड्रॅक्युलापटांना संगीत देणारे जेम्स बर्नार्ड यांच्या नावावरची ती कोटी. खरं संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोन तरुण स्त्रियांचं. गेल्या चाळीस वर्षांत अगणित वादकांनी पुन्हा वाजवलेल्या त्या चालींच्या मूळ पडद्यावर त्यांचं नाव नाही, एका विनोदाचं आहे. कारागिराचं नाव झाकलं की त्याच्या कामाचं सगळं पुण्य पेढीच्या नावावर जमा होतं, आणि कोनामीच्या नावाभोवतीचं तेज मोठ्या प्रमाणात असं जमा झालेलं आहे. याची दुसरी बाजू पुढे कंपनीवरच उलटली. सगळं श्रेय ज्या नावाने घेतलं, त्याच नावावर पुढचा सगळा दोषही चढला, आणि दोन्ही वेळा ‘नेमकं कोणी केलं’ हा प्रश्न विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

आता सुवर्णकाळ म्हणून ज्या वर्षांकडे बोट दाखवलं जातं, त्याच वर्षांत मालकाचा हिशेब काय सांगतो ते पाहू. निन्टेन्डोने अमेरिकेत बाहेरच्या कंपन्यांवर वर्षाला पाच गेमांची मर्यादा घातली होती. कोनामीने १९८८ मध्ये ‘अल्ट्रा गेम्स’ नावाची दुसरी पाटी लावली आणि मर्यादा ओलांडली. यात बेकायदा काही नव्हतं, पण कंपनीच्या नावाकडे व्यवस्थापन एक सोयीची पाटी म्हणून पाहत होतं, हे त्यातून दिसतं. त्याच पाटीखाली ‘मेटल गिअर’ अमेरिकेत गेला. कोजिमा यांनी १९८७ मध्ये एमएसएक्स संगणकासाठी केलेल्या मूळ गेमची ही एनईएस आवृत्ती त्यांना बाजूला ठेवून दुसऱ्या गटाकडून घाईने करवून घेतलेली होती. मूळ गेम ज्या अजस्र यंत्राच्या नावाने ओळखला जातो, ते ‘मेटल गिअर’ यंत्रच या आवृत्तीत नाही. शेवटी फोडायला एक महासंगणक ठेवलेला आहे. १९९० मध्ये ‘स्नेक्स रिव्हेंज’ हा पुढचा भागही कोजिमांविना निघाला. असा गेम बनतो आहे हे आपल्याला त्यावर काम करणाऱ्या सहकाऱ्याकडून कळलं आणि त्यातून आपला स्वतःचा दुसरा भाग करायची प्रेरणा मिळाली, असं कोजिमांनीच पुढे सांगितलं. १९९२ मध्ये मासातो माएगावा आणि त्यांचे सहकारी कोनामी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ट्रेझर ही कंपनी काढली. त्यांना जे नवं करायचं होतं त्याला कंपनीत वाव मिळत नव्हता. ‘गनस्टार हिरोज’ हा त्यांचा १९९३ चा पहिला गेम पाहिला, तर ‘कॉन्ट्रा’च्या घराण्यातलं रक्त कुठे गेलं ते लगेच ओळखू येतं. म्हणजे कर्त्याला डावलून त्याच्या कामाचा पुढचा भाग काढणं, गुणी माणसं हातची जाऊ देणं, नाव वाटेल तसं वापरणं, हे २०१५ चे म्हणून सांगितले जाणारे दोष १९८८ ते १९९२ मध्येच जागेवर होते. फक्त तेव्हा गेम इतके चांगले निघत होते की त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पुढच्या काळात ‘कॉन्ट्रा’ याच नावाचं काय झालं, हे उदाहरण म्हणून पुरेसं आहे. १९९६ चा ‘लेगसी ऑफ वॉर’ आणि १९९८ चा ‘सी: द कॉन्ट्रा ॲडव्हेंचर’ हे दोन भाग हंगेरीत काम करणाऱ्या ॲपलूसा या बाहेरच्या कंपनीकडून करवून घेतले गेले, आणि चाहते त्यांचं नाव आजही नाक मुरडून घेतात. २००७ मध्ये ‘कॉन्ट्रा ४’ अमेरिकेतल्या वेफॉरवर्डने केला, आणि तो जुन्या परंपरेचा खरा वारस मानला गेला. म्हणजे नाव तेच, मालक तोच आणि निकाल उलटसुलट. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हा गोंधळ परका नाही. माजिवड्यापासून गायमुखच्या पुढपर्यंतच्या रस्त्याला सगळे एकाच नावाने ओळखतात आणि कोंडी झाली की एकाच नावाने बोटं मोडतात. पण मुख्य रस्ता, सेवारस्ता, मेट्रोचं काम आणि घाटापुढची मीरा-भाईंदरची हद्द यांचे कारभारी वेगवेगळे राहिले आहेत: सार्वजनिक बांधकाम विभाग, ठाणे महापालिका, एमएमआरडीए, शेजारची महापालिका. म्हणूनच तक्रार घेऊन जाणाऱ्याला आधी ‘हद्द कोणाची?’ हे ठरवावं लागतं. कोनामीबद्दल बोलताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. अर्थात उपमा इथेच थांबते, कारण रस्त्याला एक मालक नाही आणि कोनामीला आहे. कोणत्या गटाला काम द्यायचं, किती वेळ द्यायचा, कोणाला बाजूला ठेवायचं, हे ठरवणारं टेबल शेवटी एकच होतं, आणि दुसरा हिशेब त्या टेबलाचा आहे.

त्या टेबलाच्या हिशेबातली सर्वांत जड नोंद २०१५ ची, यात वाद नाही. ‘सायलेंट हिल’च्या नियोजित नव्या भागाची झलक म्हणून १२ ऑगस्ट २०१४ रोजी ‘पी. टी.’ हा छोटा गेम फुकट देण्यात आला होता. एका घराचा वळण घेणारा बोळ, तोच तोच पुन्हा समोर येणारा, आणि दर फेरीला त्यात काहीतरी बदललेलं, एवढ्यावर त्याने भल्याभल्यांची झोप उडवली. मूळ प्रकल्प रद्द झाला आणि २९ एप्रिल २०१५ रोजी ‘पी. टी.’ प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकण्यात आला. ज्यांच्या यंत्रात तो आधीपासून होता त्यांच्याकडे तो उरला, इतरांसाठी तो नाहीसाच झाला. २०१५ च्याच ऑगस्टमध्ये निक्केई या जपानी वृत्तपत्राने कंपनीच्या आतल्या वातावरणाविषयी वृत्त दिलं: नकोशा झालेल्या कर्मचाऱ्यांची पहारेकरी किंवा व्यायामशाळेतली साफसफाई अशा कामांवर बदली, आणि ये-जा टिपणारे कॅमेरे. डिसेंबरमध्ये ‘मेटल गिअर सॉलिड ५’ला पुरस्कार मिळाला तेव्हा कोजिमांना समारंभाला येऊ दिलं गेलं नाही, असं सूत्रसंचालकाने मंचावरून सांगितलं. पण माझ्या मते याहून बोलकी नोंद तीन वर्षं आधीची आहे. २०१२ मध्ये ‘सायलेंट हिल’चे दुसरा आणि तिसरा हे दोन भाग नव्या यंत्रांसाठी पुन्हा काढले गेले, तेव्हा काम करणाऱ्या गटाच्या हाती अंतिम स्रोत-संहिता आलीच नाही, अपुऱ्या अवस्थेतल्या संहितेवरून सगळं उभं करावं लागलं, आणि जे निघालं त्याची सर्वत्र नाचक्की झाली. आपल्याच सर्वांत मौल्यवान वस्तूची अंतिम प्रत जिच्या हाताशी नाही, त्या कंपनीचा दोष क्रौर्याचा म्हणता येणार नाही. तो निष्काळजीपणाचा आहे, आणि मालक म्हणून तो जास्त गंभीर आहे. माणसं दुखावली तर ती दुसरीकडे जाऊन काम करू शकतात. हरवलेली संहिता मात्र परत मिळत नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. चांगलं ते कारागिरांचं आणि वाईट ते मालकाचं, अशी वाटणी केली तर तो न्याय नसून पक्षपात आहे. हा आक्षेप मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऐंशीच्या दशकात कोनामीच्या व्यवस्थापनाने कॅसेटमध्ये बसवायच्या स्वतःच्या चिप तयार करायला पैसा घातला. जपानी ‘कॉन्ट्रा’त जंगलातली झाडं वाऱ्याने हलताना दिसतात आणि अमेरिकी आवृत्तीत ती स्तब्ध आहेत, हा फरक अशा चिपचा. १९८९ च्या तिसऱ्या ‘कॅसलव्हेनिया’च्या जपानी आवृत्तीत दुसऱ्या एका चिपने यंत्राच्या आवाजात तीन वाहिन्यांची भर घातली. लहान गटांना मोकळीक, स्वतंत्र संगीत विभाग आणि तंत्रावरचा खर्च ही मालकाची कमाई आहे आणि ती त्याच्याच नावावर मांडली पाहिजे. उलट बाजूनेही तसंच. १९९२ च्या ‘कॉन्ट्रा ३’चे दिग्दर्शक नोबुया नाकाझातो हेच २०१९ च्या ‘कॉन्ट्रा: रोग कॉर्प्स’मागेही होते, आणि तो गेम समीक्षकांनी अक्षरशः झोडपला. म्हणजे हात तोच असूनही काम फसू शकतं, आणि तिथे मालकाला दोष देऊन कर्त्याला सोडवता येत नाही. मी मांडतो आहे ती वाटणी माणसांची नाही, कृत्यांची आहे. गेमची बांधणी एका हिशेबात, आणि बांधणीसाठी दिलेली साधनं, वेळ, श्रेय आणि नंतरची जपणूक दुसऱ्या हिशेबात. दोन्हींत जमाही आहे आणि खर्चही. दोन्ही वेगळे ठेवले की ‘आधी चांगली, मग वाईट’ या गोष्टीची गरज उरत नाही, आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, सगळा तमाशा चालू असताना, ‘मेटल गिअर सॉलिड ५’सारखा अव्वल गेम कसा निघू शकला, हेही कोडं राहत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यावरच आहे आणि तो टाळता येणार नाही. ज्यांनी कोनामीला एक पैसाही दिला नाही, त्यांनी तिच्या नीतीबद्दल बोलावं का? नकली यंत्र, नकली कॅसेट, पुसलेलं नाव. त्या व्यवहारातून निन्टेन्डोला काही मिळालं नाही, कोनामीला नाही, आणि यामाशिता किंवा हाशिमोतो यांना तर नाहीच. अधिकृत वस्तू मिळतच नव्हती किंवा परवडत नव्हती, ही सबब खरी आहे. तरीही ती सबबच आहे. मला वाटतं यातून दोन गोष्टी निघतात. एक, कामाची पारख किमतीवर अवलंबून नसते, आणि पुस्तक उसनं आणून वाचणाऱ्यालाही ते चांगलं की वाईट हे सांगता येतं, तेव्हा पहिल्या हिशेबावर मत देण्याचा आपला हक्क शाबूत आहे. दोन, अमेरिकी किंवा जपानी गिऱ्हाइकाचा ‘आमचा विश्वासघात झाला’ हा संताप आपल्याला उसना घेता येत नाही. विश्वासघात होण्याआधी विश्वासाचा व्यवहार व्हावा लागतो, आणि आपला व्यवहार झाला तो कॅसेटवाल्याशी. आंतरजालावरचा तो राग जसाच्या तसा मराठीत आणून कोनामीला शिव्या घालणं जितकं पोकळ, तितकंच बालपणीच्या प्रेमापोटी तिची वकिली करणंही पोकळ. नकला करणाऱ्यांनाही संस्कृतीचे रक्षक वगैरे ठरवायचं कारण नाही. त्यांनी गेम घरोघरी पोचवला हे खरं, पण कर्त्याचं उरलंसुरलं नावही त्यांनीच पुसलं, आणि त्या बाबतीत ते टोपणनावं लावणाऱ्या व्यवस्थापनाच्या एक पाऊल पुढेच होते.

गेल्या काही वर्षांत वारं फिरल्यासारखं दिसतं. पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने २०१९ मध्ये ‘कॅसलव्हेनिया’ आणि ‘कॉन्ट्रा’चे जुने भाग नव्या यंत्रांसाठी एकत्र काढले गेले, सोबत मूळ रेखाटनांची आणि टिपणांची पुस्तिका दिली गेली, आणि पुढे जपानी आवृत्त्याही त्यात आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने नव्याने घडवलेला ‘सायलेंट हिल २’ वाखाणला गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘मेटल गिअर सॉलिड ३’ची नवी आवृत्ती आली. ‘कोनामी सुधारली’ असं आता म्हटलं जातं. हे वाक्य ‘कोनामी बिघडली’ या वाक्याइतकंच ढोबळ आहे. नव्या ‘सायलेंट हिल २’ची बांधणी २००१ च्या मूळ गटाची आणि ब्लूबरची, योग्य माणसं निवडून त्यांना पुरेसा वेळ देण्याचं श्रेय मालकाचं. २०१९ च्या संग्रहांचं मोल मला याहून अधिक वाटतं, कारण तिथे मालकाने त्याचं खास काम केलं: जे आहे ते शोधलं, नीट लावलं आणि सर्वांना पैसे मोजून घेता येईल असं समोर ठेवलं. मूळ कर्त्याविना पुढचा भाग काढण्याची जुनी सवय मात्र ‘मेटल गिअर’च्या बाबतीत तशीच आहे, आणि ‘पी. टी.’ अजून परत आलेला नाही.

पुढच्या पानांवरचे लेख वाचताना वाचकाने प्रत्येक गेमपाशी तीन साधे प्रश्न विचारावेत: हा कोणी घडवला, तो घडवण्याच्या अटी कोणी ठरवल्या, आणि आज तो कोणाच्या ताब्यात कोणत्या अवस्थेत आहे. काही ठिकाणी तिन्ही उत्तरं एकाच दिशेला जातील, बहुतेक ठिकाणी जाणार नाहीत. कोनामीला माफ करायचं की नाही, हा निर्णय ठाण्या-डोंबिवलीतल्या वाचकाकडे कोणी मागितलेला नाही, आणि तो घेण्याइतका आपला तिच्याशी व्यवहारही झालेला नाही. आपल्याकडून जे बाकी आहे ते वेगळं आहे. ज्यांचा खेळ आपण नाव न विचारता वर्षानुवर्षं खेळलो, त्या माणसांची नावं माहीत करून घेणं आणि त्यांच्या कामाबद्दल बोलताना कंपनीच्या आधी ती उच्चारणं. पैशाची थकबाकी आता कोणी वसूल करायला येणार नाही; श्रेयाची थकबाकी मात्र अजून फेडता येण्यासारखी आहे.